वैद्याची वही आणि शोधनिबंध

आयुर्वेदातील संशोधन हा विषय निघाला की आपल्या परिषदांच्या व्यासपीठावरून बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक, आमचे शास्त्र स्वयंसिद्ध आहे, त्याला नव्या पुराव्याची आवश्यकता नाही. आणि दुसरा, जग आमचे ऐकूनच घेत नाही. हे सूर आळवताना आपण स्वतः काय लिहिले, कोठे लिहिले आणि कसे लिहिले, हा प्रश्न मात्र बाजूस राहतो. माझे लक्ष या प्रश्नाकडे वेधले ते एका गुळवेलीने. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

सन २०२० च्या त्या महासाथीच्या काळात घरोघरी काढे उकळत होते, हे आपणा सर्वांस स्मरत असेलच. नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे साधारण पन्नाशीच्या एक भगिनी आल्या. अवटू ग्रंथीच्या विकारासाठी त्यांची नित्याची गोळी चालू होती. मूत्राचा वर्ण गडद, नेत्र पीत, अरुची, कंडू. प्रश्नपरीक्षेत कळले की अडीच महिने त्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेत होत्या. शेजारच्या परसातील कडुनिंबावर चढलेली वेल. शिवाय बाजारातून सुटे आणलेले चूर्ण. तपासणीत एसजीपीटी सहाशेच्या पुढे निघाले. काढा बंद केला, त्यांना कोल्हापूरच्या यकृततज्ज्ञांकडे पाठविले. विषाणुजन्य काविळीच्या चाचण्या नकारात्मक आल्या. सुमारे अडीच महिन्यांत त्या पूर्ववत झाल्या.

त्यानंतर, २०२१ च्या जुलैमध्ये, मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वृत्तपत्रांत मथळे झळकले. आयुष मंत्रालयाने निवेदन काढून प्रश्न विचारला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच होती, की तिच्याशी साधर्म्य असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा, याची निश्चिती केली होती काय? पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अधिक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील अनेकांमध्ये स्वप्रतिरक्षाजन्य यकृतदाहाची लक्षणे आढळली होती.

मंत्रालयाचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. आपल्या वैद्यमंडळींनी तो उचलून धरला, मीही धरला. परंतु तोच प्रश्न माझ्या त्या रुग्णेविषयी मला कोणी विचारला असता तर? वही काढली. लक्षणे, नाडी, तपासण्यांचे आकडे, दिनांक सारे नीट लिहिलेले होते. 'द्रव्य' या शब्दापुढे एवढेच होते : गुळवेल काढा, रोज एक कप.

तरीही त्या अनुभवाचा वृत्तान्त सिद्ध करून मी एका नियतकालिकाकडे पाठविला. दोन महिन्यांनी परीक्षकांची टिपणे आली. वनस्पतीची ओळख कोणी व कशी पटविली? काढ्यासाठी ओले कांड किती, पाणी किती, उरविले किती? सुट्या चूर्णाचा उत्पादक व बॅच क्रमांक कोणता? मी शोधास निघालो. परसातील वेल शेजाऱ्यांनी भीतीपोटी मुळासकट काढून टाकली होती. चूर्ण ज्या दुकानातून आणले त्या दुकानदाराने प्रांजळपणे सांगितले की पोत्यातला माल संपला, दुसरे पोते आले, पहिले कोणाकडून घेतले याची पावती सापडत नाही. वृत्तान्त परत आला. परीक्षकांचा मला राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्यांच्या जागी मी असतो तर मीही तो परतच पाठविला असता.

याच सुमारास एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला समजावले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. असले काही छापून शास्त्राची बदनामी कशाला करता?" त्यांच्याविषयीचा आदर कायम ठेवूनही हे मत मला मान्य करता आले नाही. गुळवेल मी आजही देतो, आणि ती माझ्या अत्यंत विश्वासाच्या द्रव्यांपैकी आहे. पण कोणत्या रुग्णास ती देऊ नये, हे वैद्याने लिहिले नाही तर ते दुसरा कोणी लिहिणार, आणि तो आपल्या परिभाषेत लिहिणार नाही.

लिहिण्याने काय घडते याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. सर्पगंधेचा उपयोग या देशात पिढ्यान्‌पिढ्या ज्ञात होता. १९३१ मध्ये कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवरील तिच्या कार्याविषयी येथील वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. परदेशात त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये १९४९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा मात्र चक्रे फिरली. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत रिसर्पिन वेगळे झाले, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुळी तीच होती. भर पडली ती मात्रेची, आधीच्या व नंतरच्या रक्तदाबाच्या आकड्यांची, आणि ते आकडे ज्यांना वाचता येतात त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याची. रिसर्पिनमुळे काही रुग्णांत विषाद उत्पन्न होतो, हेही पुढे कळले ते चिकित्सकांनी ते लिहून ठेवले म्हणूनच.

गुग्गुळाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. १९६६ मध्ये जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात मेदोरोगाच्या शास्त्रोक्त वर्णनाचा आधार घेऊन गुग्गुळावर प्रबंध सिद्ध केला. संहितेतून निघालेल्या प्रश्नाला प्रयोगशाळेत नेण्याचे हे फार देखणे उदाहरण. त्यातूनच लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे गुग्गुलिपिड आले आणि १९८० च्या दशकात बाजारात उतरले. २००३ मध्ये अमेरिकेतील १०३ व्यक्तींवरील आठ आठवड्यांच्या चाचणीत मात्र एलडीएल कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि काहींना त्वचेवर पुरळ उठले. आपण लगेच म्हणालो की तेथील आहार निराळा, प्रकृतीचा विचार नाही, सत्त्व म्हणजे शोधित गुग्गुळ नव्हे. यातील प्रत्येक आक्षेप विचारणीय आहे. पण आक्षेप म्हणजे उत्तर नव्हे. शोधित गुग्गुळाचा कल्प, प्रकृतीनुसार निवडलेले रुग्ण, पथ्याची नोंद अशा चाचणीने त्याचे उत्तर द्यावयास हवे होते, आणि तेवढ्याच वजनाचे उत्तर आपल्याकडून गेले नाही.

"आमची चिकित्सा व्यक्तिनिष्ठ, ती चाचणीच्या चौकटीत बसत नाही," हा युक्तिवाद मीही महाविद्यालयात असताना आवेशाने केला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोइमतूरच्या अभ्यासाने तो माझ्यापुरता मोडीत काढला. आमवातसदृश संधिवाताचे ४३ रुग्ण, तीन गट : आयुर्वेदीय औषधे, मेथोट्रेक्सेट, आणि दोन्ही एकत्र. वैद्याला प्रत्येक रुग्णागणिक औषध निवडण्याची व बदलण्याची मुभा होती. त्या औषधांसारखीच दिसणारी निष्क्रिय रूपे तयार केलेली होती, त्यामुळे कोणाला खरे औषध मिळते आहे हे वैद्य व रुग्ण दोघांनाही अज्ञात राहिले. काढ्याचेही असे निष्क्रिय रूप करणे किती कटकटीचे, हे फार्मसीचालकांना वेगळे सांगणे नको. रुग्णसंख्या लहान, त्यामुळे निष्कर्षही मर्यादित. पण वाट आहे हे दिसले. क्षारसूत्राची वाट तर त्याआधीच मळलेली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत केलेल्या तुलनेत भगंदराचे पुनरुद्भवन शस्त्रकर्मानंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के आढळले. व्रण भरण्यास मात्र क्षारसूत्राने आठ आठवडे लागले, शस्त्रकर्माने चार. १९९१ मधील या निबंधात आपल्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा, दोन्ही आकडे शेजारीशेजारी आहेत, आणि त्यामुळेच शल्यचिकित्सकही तो उद्‌धृत करतात.

पण मला सर्वाधिक शिकविले ते पुण्याच्या एका निबंधाने. डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी जानुसंधिगत वाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेली ही चाचणी २०१३ मध्ये 'रूमॅटॉलॉजी' या नियतकालिकात आली. आयुर्वेदीय कल्प ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले, हे आपण सर्वांनी आनंदाने वाचले, व्याख्यानांत सांगितले. त्याच निबंधात असेही स्पष्ट लिहिले आहे की आयुर्वेदीय गटांतील सात रुग्णांत एसजीपीटी वाढले, त्यांना कोणतेही लक्षण नव्हते, आणि औषध थांबविल्यावर ते पूर्ववत झाले. ते वाक्य वगळले असते तर निबंध अधिक चमकला असता, पण त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. गुळवेलीच्या वादाच्या कितीतरी वर्षे आधी यकृताकडे लक्ष ठेवा, अशी सूचना आपल्याच कामातून मिळाली होती. ती आपल्यापैकी कितीजणांनी मनावर घेतली? मी स्वतः घेतली नव्हती.

चरकाचार्यांनी तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. नियतकालिकातील परीक्षकांचे टिपण हे संधाय संभाषेचेच आधुनिक रूप, असे मी मानतो. मात्र समोरचा तद्विद्य असावयास हवा. येथेच बाजार उभा राहिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत प्रकाशनांना गुण मिळू लागले, आणि गुण हवे असलेल्यांसाठी दुकाने उघडली. कोलोराडोचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा नियतकालिकांना 'भक्षक' हे नाव दिले. आयोगाच्या मान्य यादीतील १००९ नियतकालिकांची छाननी पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी केली, आणि त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत, असा निष्कर्ष २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात यादीतून ४३०५ नावे वगळली गेली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता पारख करण्याचे दायित्व संस्थेवर आणि लेखकावरच आहे.

माझा परत आलेला वृत्तान्त अशाच एका नियतकालिकाने अठ्ठेचाळीस तासांत 'स्वीकारला' होता. एकही प्रश्न नाही. शुल्काचा आकडा तेवढा ठळक, आणि पत्रात गुळवेलीचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे चुकलेले. मोह झाला नाही असे नाही.

आता फार्मसीचालक बंधू-भगिनींना काही सांगावयाचे आहे, कारण या साऱ्या प्रकरणाची दुसरी बाजू त्यांच्या गोदामात आहे. एखादा निबंध आपला व्यवसाय कसा पालटतो, हे त्यांनी अनुभवले आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांची तपासणी छापून आली. १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळले. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली. तेव्हा आपल्याजवळ बॅचनिहाय आकडे तयार असते तर आपण केवळ निषेधाचे ठराव करीत बसलो नसतो.

बंद डबीवर घटक व बॅच क्रमांक असतो. अडचण आहे ती सुट्या मालाची, आणि आपण वैद्य स्वतः बांधून देतो त्या पुड्यांची. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, दक्षिणेत अल्पिनिया गलंगा आणि बंगालमध्ये वांडा वापरला जातो. अशोकाच्या सालीत खोट्या अशोकाची साल मिसळते. असे असता 'रास्नासप्तक क्वाथाने लाभ झाला' या वाक्याचा वाचकाने अर्थ काय घ्यावा? पोते उघडताना त्यातील मूठभर द्रव्य दिनांक व पुरवठादाराच्या नावासह काचेच्या बरणीत राखून ठेवणे आणि वैद्यास देताना चिठ्ठीवर तो क्रमांक लिहिणे, एवढ्याने पुष्कळ साधेल. याला प्रयोगशाळा लागत नाही.

वैद्यांच्या बाजूने म्हणाल तर रुग्णवृत्तान्त कसा लिहावा याची 'केअर' मार्गदर्शिका (आयोगाच्या यादीशी तिचा संबंध नाही) २०१३ पासून उपलब्ध आहे. रुग्णाची लेखी संमती मात्र प्रारंभीच घ्यावी, नंतर रुग्ण सापडत नाही. रुग्णांवर चाचणी करावयाची असेल तर नीतिसमितीची मान्यता आणि पहिल्या रुग्णापूर्वी राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत नोंदणी, हे टाळता येणार नाही. सर्वांनी निबंधच लिहावेत असे माझे म्हणणे नाही. औषधाचा दुष्परिणाम जाणवला तर औषधदक्षता केंद्राचा नमुना भरून पाठविणे हेही लेखनच आहे, आणि त्याला पंधरा मिनिटे लागतात.

आमच्या गावातील एका फार्मसीचालकांनी गतवर्षीपासून गुळवेलीच्या प्रत्येक पोत्याची बरणी ठेवण्यास आरंभ केला आहे. माझ्या वहीत 'द्रव्य' या रकान्याशेजारी 'स्रोत' हा नवा रकाना आला आहे, आणि तो रिकामा राहिल्यास पुडी बांधावयाची नाही, असे मी मदतनीसास सांगून ठेवले आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत ज्या वैद्यमित्रांनी गुळवेल दीर्घकाळ दिली आणि ज्यांच्याजवळ यकृताच्या तपासण्यांचे कागद आहेत, त्यांनी रुग्णाचे नाव झाकून ते पुढील त्रैमासिक सभेस आणावेत, ही विनंती. ज्यांच्या रुग्णांना काहीच अपाय झाला नाही, त्यांनी तर अवश्य आणावेत. माझा अपुरा कागद मीही घेऊन येईन.