एका घरात दोन ऋतू

मे महिन्यात मुलुंडला आमच्या काकांकडे गेलात, तर हॉलमध्ये अंगावर शाल लागायची आणि आजीच्या खोलीत हातात पंखा! एकच घर, एकच एसी, तरी ही तऱ्हा.

झालं असं, की काकांनी शेजारचा फ्लॅट घेऊन दोन घरांचं एक केलं. फॉल्स सीलिंग आलं आणि त्यात तीन टनाचा डक्टेबल एसी. म्हणजे मशीन एक, आणि पत्र्याच्या डक्टमधून चार ठिकाणी गार हवा. आजीची खोली डक्टच्या शेवटच्या टोकाला. भिंत पश्चिमेची, डोक्यावर गच्ची. आजी तक्रार करणाऱ्यातली नाही. "मला नाही रे लागत तुमचा एसी-बिसी," एवढंच म्हणायची. पण एकदा रात्री पाणी प्यायला उठलो, तर आजी हॉलमधल्या सोफ्यावर बसल्या बसल्या झोपलेली. वय ऐंशीच्या पुढे, बीपीच्या गोळ्या चालू. म्हातारपणी शरीराला उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही, तहानही कमी लागते. तेव्हा हा प्रश्न नुसत्या ऐषारामाचा नव्हता.

एसीवाला म्हणाला, "मशीन कमी पडतंय. साडेपाच टनाचं टाका." काका तयारही झाले. मी म्हटलं, "काका, मला दोन दिवस द्या." (रेफ्रिजरेशनच्या पेपरात काठावर पास झालोय, हे त्यांना सांगितलं नाही.)

मोठं मशीन का नको? कारण थर्मोस्टॅट हॉलमध्ये होता. त्याला फक्त हॉल दिसतो. हॉल गार झाला की तो कॉम्प्रेसर बंद करतो. मशीन मोठं टाकलं तर हॉल आणखी लवकर गार होणार, कॉम्प्रेसर आणखी लवकर बंद पडणार आणि आजीच्या वाट्याला उलट कमीच हवा येणार. शिवाय कॉम्प्रेसर थोडा थोडा वेळच चालला, की हवेतली वाफ नीट निघत नाही. आपल्या मुंबईत दमटपणा गेला नाही तर २४ अंशालाही चिकचिक होते. थोडक्यात काय, गारवा कमी नव्हता, त्याची वाटणी चुकली होती.

मग मोजमाप. तीन थर्मामीटर आणले आणि आधी तिन्ही एकाच ग्लासातल्या पाण्यात बुडवून पाहिले. एक अर्धा अंश जास्त दाखवत होता, तेवढा वजा केला. (लॅबमध्ये सर ओरडतात ते उगाच नाही!) दुपारी चारला हॉल २४, काकांची खोली २६, आजीची ३०. सहा अंशांचा फरक!

नंतर टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक ग्रिलसमोर धरली. हॉलमध्ये पट्टी आडवी झाली, आजीच्या खोलीत नुसती हलली. सहज दार उघडलं आणि गंमत बघा, पट्टी एकदम फडफडायला लागली! दार लावलं, पुन्हा मेली.

इथेच अर्धं उत्तर सापडलं. खोलीत हवा ढकलायची तर आधीची हवा बाहेर जायला वाट हवी. परतीच्या हवेची जाळी एकच, तीही पॅसेजमध्ये. आजी टीव्हीच्या आवाजाने दार लावून घेते आणि नवीन दार जमिनीला चिकटून बसवलेलं. म्हणजे आत आलेली हवा कोंडते, खोलीतला दाब किंचित वाढतो आणि नवी हवा आत यायला नकार देते. लोकलचंच घ्या ना, अंधेरीला आतले उतरल्याशिवाय बाहेरचे चढणार कसे?

उरलेलं अर्धं उत्तर फॉल्स सीलिंगमध्ये होतं. मेन स्विच बंद करून एसीवाल्याला झाकण उघडायला लावलं. शेवटचा तुकडा लवचिक पाइपचा होता आणि कुणीतरी वायरिंग करताना तो दाबून ठेवला होता. फ्लुइड मेकॅनिक्स आठवा. तेवढीच हवा न्यायची असेल, तर व्यास अर्धा झाल्यावर दाब जवळजवळ ३२ पट लागतो, कारण व्यासाचा पाचवा घात मध्ये येतो. हवा काही एवढा हट्ट करत नाही, ती सोप्या वाटेने हॉलमध्ये जाते. शिवाय एक जोड सुटलेला. तिथली गार हवा स्लॅबखालच्या पोकळीत चालली होती, म्हणजे पाली-झुरळांना एसी!

मग या क्रमाने काम केलं, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी फिल्टर धुतला. लवचिक पाइप सरळ आणि ताणून बसवला. सुटलेला जोड अॅल्युमिनियम टेपने बंद केला. आजीच्या दारात खालच्या बाजूला सुताराकडून जाळी बसवून घेतली. आणि सगळ्यात शेवटी डॅम्पर. आजीचा पूर्ण उघडा ठेवला आणि हॉलचा थोडा थोडा ओढला. दर वेळी अर्धा तास थांबून पुन्हा मोजायचं. एकदम ओढायचा नाही. टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा कॉइलवरून जायला हवी. ती फार कमी झाली तर कॉइलवर बर्फ धरतो आणि मग सगळंच घर तापतं.

संध्याकाळी हॉल २५, आजीची खोली २७. साडेपाच टनाचं मशीन वाचलं!

उरलेले दोन अंश मात्र डक्टचे नव्हते, डोक्यावरच्या गच्चीचे होते. मुंबईत साधारण १५-१६ मे आणि २७-२८ जुलैला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. या दिवसांत सपाट गच्चीइतकं ऊन कुठल्याच भिंतीला लागत नाही. काँक्रीट ते ऊन पोटात साठवतं आणि काही तासांनी खाली सोडतं. म्हणून वरच्या मजल्यावरची खोली दुपारपेक्षा संध्याकाळी जास्त तापते. केंद्र सरकारच्या इको निवास संहितेत (२०१८) छपरातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे : दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॅट. उघडा काँक्रीटचा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे लावायची आपल्याकडची जुनी पद्धत म्हणूनच शहाणपणाची. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो. काकांनी सोसायटीची परवानगी काढून पुढच्या उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा लेप दिला आणि आजीच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नसतो.

माझी मावशी न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे उलटा प्रकार : तळघरात फर्नेस, डक्टमधून गरम हवा. थर्मोस्टॅट खाली, गरम हवा जिन्यावरून वर चढते, त्यामुळे वर घाम आणि खाली मोजे. फोनवर तिला हेच सगळं सांगितलं : फिल्टर बघ, दारं उघडून बघ, वरचे डॅम्पर थोडे ओढ. तिथेही ते फार ओढायचे नाहीत, नाहीतर फर्नेस तापून आपोआप बंद पडते. गारवा असो की ऊब, हवेचा नियम एकच. जायला वाट, तसं परतायलाही वाट!

आता तुम्ही म्हणाल, आमच्या होस्टेलला कुठला आलाय डक्ट? मित्रांनो, टॉप फ्लोअरच्या कोपऱ्यातल्या रूमला हाच नियम लागू आहे. जुन्या इमारतीत दारावर व्हेंटिलेटर असतं, ते काही शोभेसाठी नाही. खिडकीतून आलेली हवा तिथून बाहेर जाते. आपण त्यावर काय चिकटवतो? पेपर आणि क्रिकेटपटू! ते आधी काढा. रात्री बाहेरची हवा खोलीतल्यापेक्षा गार झाली, की टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा आणि दार उघडा. गरम हवा बाहेर जाईल, कॉरिडॉरची गार हवा आत येईल. आणि रेक्टर सरांना नम्र विनंती : पुढच्या वेळी गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं, तर वरचा थर पांढरा करून घ्यावा. खर्च तसाही होणारच आहे.

आजी आता आपल्या खोलीत दार लावून झोपते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातली जाळी कौतुकाने दाखवते आणि वर म्हणते, "चार वर्षं इंजिनियरिंगची फी भरली, आणि पोरगा शेवटी सुतारकाम शिकून आला!"