आकाशांतील भंगाराचा माग

शके १९४४ च्या वर्षप्रतिपदेस, म्हणजे २ एप्रिल २०२२ रोजीं, रात्रीं पावणेआठच्या सुमारास विदर्भांत व खानदेशांत अनेकांनीं आकाशांतून जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी येथें धातूचें एक प्रचंड कडें येऊन पडलें. त्याचा व्यास सुमारें आठ फूट होता. आसपास धातूचे पोकळ गोळेहि सांपडले. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें उडविलेल्या चिनी 'चांग झेंग ३ बी' अग्निबाणाचा तिसरा टप्पा पृथ्वीभोंवतीं चौदा महिने फिरून खालीं आला, असा निष्कर्ष अभ्यासकांनीं काढला.

या टप्प्याची नोंद शास्त्रज्ञांपाशीं होती. मग तो कोठें पडेल हें आधीं नेमकें कां सांगतां आलें नाहीं, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनांत सहज येईल.

साध्या त्रैराशिकानें याचा उलगडा होतो. पृथ्वीलगतच्या कक्षेंतील वस्तु ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें धांवते व दीड तासांत एक प्रदक्षिणा पुरी करते. पतनाची वेळ सांगण्यांत दहाच मिनिटांची तफावत पडली, तर स्थळांत साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक फरक पडतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचें अंतरहि याहून कमी आहे!

वस्तु आज कोठें आहे हें रडार व दुर्बिणी सांगतात. ती केव्हां पडेल हें मात्र वरच्या विरळ हवेवर अवलंबून असतें. त्या हवेच्या घर्षणानें कक्षा हळूहळू खालावते. सूर्यावरील क्षोभामुळें पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें, कीं ही हवा तापून फुगते व घर्षण वाढतें. फेब्रुवारी २०२२ मध्यें अशाच वादळामुळें नुकत्याच सोडलेल्या ४९ 'स्टारलिंक' उपग्रहांपैकीं ३८ नष्ट झाले.

अशा वादळांची नोंद ठेवणारी एक वेधशाळा आम्हां रेवदंडेकरांच्या शेजारींच, अलिबागेस आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार व त्यांच्या प्रवाहानें कुलाब्याच्या वेधशाळेंतील चुंबकीय मापनें बिघडणार, हें ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनीं तें काम अलिबागेस हलविलें. १९०४ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात आहेत. रोज तेंच मोजावें व तेंच लिहून ठेवावें, असें हें नीरस भासणारें काम. तें सुरू झालें तेव्हां आकाशांत एकहि कृत्रिम उपग्रह नव्हता. निष्ठेनें केलेली नोंद पुढें कोणाच्या उपयोगी पडेल, हें करणाऱ्यास कधींच ठाऊक नसतें.

श्रीहरिकोटा येथील रडार एकाच वेळीं अनेक वस्तूंचा माग काढतें. २०२२ मध्यें 'इस्रो'नें बंगळुरास या कामासाठीं स्वतंत्र केंद्रहि सुरू केलें. परंतु माग काढल्यानें भंगार कमी होत नाहीं. यासाठीं दुसरें एक उदाहरण ध्यानांत घेण्याजोगें आहे. १ जानेवारी २०२४ रोजीं उडालेल्या 'पीएसएलव्ही-सी ५८' या अग्निबाणानें उपग्रह पोंचविल्यावर त्याचा शेवटचा टप्पा ६५० किलोमीटरांवरून ३५० किलोमीटरांवर मुद्दाम उतरविण्यांत आला. २१ मार्च रोजीं तो उत्तर पॅसिफिक महासागरावर वातावरणांत शिरला, आणि कक्षेंत मागें कांहीं उरलें नाहीं.

जेवून उठतांना आपलें ताट आपण उचलावें, असें आपण घरांतील मुलांस शिकवितों. अग्निबाण उडविणाऱ्या प्रत्येक राष्ट्रानें एवढा दंडक पाळला, तर लाडबोरीसारख्या गांवांस केवळ दैवाच्या भरंवशावर राहावें लागणार नाहीं.