कर्नाळ्याहून कारवार : दोघांसाठी दोन दिवस

कर्नाळ्याचा सुळका ज्या रस्त्यावरून दिसतो, तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ पनवेलला सुरू होतो आणि थेट कन्याकुमारीला जाऊन थांबतो. शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबईकडून आलेल्या गाड्यांची रांग अभयारण्याच्या झाडीतून दक्षिणेकडे सरकू लागते. पनवेलच्या बाजारपेठेतील व्यापारी या प्रवाशांना पाण्याच्या बाटलीपासून छत्रीपर्यंत सर्व काही विकतो. तो स्वतः मात्र या रस्त्याने पेणच्या पुढे जातो तो लग्नकार्यासाठी, नाहीतर वसुलीसाठी.

व्यापारी कुटुंबात सुटी पंचांगात असते, घरात क्वचितच असते. "अहो, दोन दिवस कुठेतरी जाऊन येऊ या," असे पत्नीने म्हटले की उत्तर ठरलेले असते, "दुकान कोण उघडणार?" या प्रश्नात खोटे काही नाही. दुकान दोन दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते आणि कधीकधी तिकडचेच होते. तरीही अशीच वीस-पंचवीस वर्षे निघून जातात. मुले मोठी होतात, गिरणीचा हिशेब, बँकेचे हप्ते, सुनेचे बाळंतपण, सर्व यथास्थित पार पडते. आणि एके दिवशी लक्षात येते की पतिपत्नींमध्ये कामाव्यतिरिक्त शेवटचे बोलणे कधी झाले, ते दोघांनाही आठवत नाही.

यात्रा होतात, हे खरे. परंतु संघाबरोबरच्या यात्रेत पतिपत्नी एका गाडीत असूनही क्वचितच एकमेकांबरोबर असतात. पुरुष मंडळी पुढे व्यवस्था पाहतात, स्त्रिया मागे मुले आणि डबे सांभाळतात. त्या यात्रेचे मोल वेगळे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र दोघांनी दोघांसाठी केलेला प्रवास ही निराळी गोष्ट आहे, आणि तिची तजवीज निराळीच करावी लागते.

सीमेपलीकडचे बंदर

याच महामार्गाने दक्षिणेकडे गेल्यास दोन सीमा लागतात. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला महाराष्ट्र संपून गोवा सुरू होतो; पोळे ओलांडून माजाळीला पोहोचले की गोवा संपून कर्नाटक लागते. तेथून थोड्याच अंतरावर, काळी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, कारवार वसले आहे. गोव्याची गजबज मागे राहिलेली असते आणि मंगळूर अजून दूर असते. दोन दिवसांसाठी जाणाऱ्या दांपत्याला असे शांत बंदर सोयीचे पडते.

मोटारीने हे अंतर एका दिवसात कापणे थकवणारे आहे. १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेने ही अडचण दूर केली. शुक्रवारी रात्री पनवेलला मंगळूरकडे जाणारी गाडी धरावी, सकाळी कारवारला उतरावे. रविवारी रात्री परतीची गाडी धरावी आणि सोमवारी सकाळी पुन्हा पनवेल गाठावे. म्हणजे बुडतो तो शनिवार, आणि रविवारी दुकान उघडे ठेवणाऱ्यांचा रविवार. कारवारचे स्थानक गावापासून थोडे आत, शिरवाडला आहे. तेथून रिक्षा करावी लागते.

परका मुलूख म्हणून बिचकण्याचे कारण नाही. हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. बाजारात कोंकणी ऐकू येते आणि मराठी सहज समजते. पाट्या कन्नड असल्या तरी भाव विचारताना भाषेची अडचण येत नाही.

तारीख निवडताना

व्यापाऱ्याने सहलीचा दिवस ठरवताना पंचांगाबरोबर कराचे वेळापत्रकही पाहावे. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ आणि २० या तारखा चुकवता येत नाहीत. म्हणून २० तारखेनंतरचा शनिवार उत्तम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि चातुर्मासात अनेक कुटुंबे प्रवास टाळतात. दिवाळीची गर्दी ओसरल्यानंतर मार्चअखेरची धांदल सुरू होईपर्यंतचा काळ या प्रवासाला योग्य ठरतो.

दुकानाचा प्रश्न कुटुंबानेच सोडवायचा असतो. एकत्र कुटुंबात भावाभावांनी पाळी लावून घेतली, या महिन्यात थोरले दांपत्य आणि पुढच्या महिन्यात धाकटे, तर कोणावर उपकार होत नाही आणि कोणाला अपराधी वाटत नाही. सासूबाईंनी स्वतःहून "तुम्ही जा, मुलांकडे मी पाहते," असे म्हटले तर उत्तमच. परंतु त्यांच्या तोंडून ते निघण्याची वर्षानुवर्षे वाट पाहण्यापेक्षा घरात एकदा मोकळेपणाने बोलून नियम ठरवलेला बरा.

उरतो तो मोबाईल. दुकान मागे ठेवून आलेला व्यापारी समुद्राकाठी उभा राहूनही मालाचे भाव ठरवत असतो. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे, व्यवहार कोठवर पसरायचा, याची मर्यादा त्यात जन्मभरासाठी आखली जाते. देशावकाशिक व्रतात हीच मर्यादा काही काळापुरती आणखी आवळली जाते. सहलीची तुलना व्रताशी करणे योग्य होणार नाही; पण काही काळापुरती सीमा आखण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घरातील माणसाला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदाच दुकानाशी बोलायचे, एवढा नियम जड जाऊ नये.

बंदर असूनही मागे राहिलेले

कारवारचा किनारा पाहताना व्यापाऱ्याची नजर आपोआप बंदराकडे वळते. डोंगर आणि बेटे यांच्या आडोशामुळे बैतखोलजवळचे पाणी शांत राहते. १६३८ मध्ये इंग्रज व्यापाऱ्यांनी येथे वखार घातली ती मिरी आणि तलम कापडासाठी. १६६५ मध्ये बसरूरच्या मोहिमेहून परतताना छत्रपती शिवाजी महाराज येथे आले, तेव्हा येथील व्यापाऱ्यांनी मिळून खंडणी भरली आणि तीत इंग्रजांनाही आपला वाटा द्यावा लागला.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. १८६२ मध्ये हा मुलूख मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. धारवाड भागातील कापूस कारवारच्या बंदरातून बाहेर जावा, हा त्यामागील मोठा हेतू होता. हुबळीपासून कारवारपर्यंत रेल्वे होईल, अशी आशा गावाने बाळगली. प्रत्यक्षात लोहमार्ग गेला तो शेजारच्या पोर्तुगीज गोव्यातील मुरगावला. १८८८ मध्ये तो कॅसलरॉकपर्यंत खुला झाला आणि घाटावरचा माल तिकडे वळला. कारवारला रेल्वे दिसली ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, तीही किनाऱ्याला समांतर धावणारी.

अलीकडच्या काळात येथून लोहखनिज परदेशी जात असे. २०१० मध्ये कर्नाटक सरकारने आपल्या बंदरांतून होणारी लोहखनिजाची निर्यात थांबवली आणि तो व्यवहारही आटला. पाणी खोल असले, आडोसा चांगला असला, तरी मालाला आतून येणारी वाट नसेल आणि सारी भिस्त एकाच मालावर असेल, तर बंदराचे काय होते, हे येथे डोळ्यांनी पाहता येते. दोन पिढ्यांचे दुकान चालवणाऱ्या पतिपत्नींना त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आणि असे बोलणे गल्ल्यावर बसून होत नाही.

आज कारवारची ओळख नौदलाच्या तळामुळे आहे. 'सीबर्ड' प्रकल्पाची कोनशिला १९८६ मध्ये बसवली गेली आणि २००५ मध्ये 'आयएनएस कदंब' हा तळ कार्यान्वित झाला. त्यासाठी किनाऱ्यावरील अनेक गावांना आपली घरे सोडावी लागली, हेही पाहुण्याने ध्यानात ठेवावे. सेवानिवृत्त झालेली 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका गावातील किनाऱ्यावर मांडलेली आहे.

बंदर म्हटले की मासळी आलीच. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या दांपत्याला बैतखोलच्या मासळी धक्क्यावर जावेसे वाटणार नाही, आणि जाण्याची गरजही नाही. परंतु वाटेत कोळणीच्या टोपल्या दिसल्या म्हणून नाकाला पदर लावणे आपल्याला शोभत नाही. पहाटेपासून उन्हात बसून माल विकणारी ती स्त्रीही पोटासाठीच बाजारात बसलेली असते.

सूर्यास्ताआधीचे ताट

घराबाहेर निघताना जैन गृहिणीच्या मनात पहिला प्रश्न येतो तो जेवणाचा. खाकरे, ठेपले, कोरडा फराळ आणि उकाळलेले पाणी बरोबर असले की निम्मी काळजी मिटते. कारवारला उडुपी पद्धतीची शाकाहारी हॉटेले मिळतात. साधा डोसा आणि इडली सहसा चालते. मसाला डोशातील बटाटा आणि सांबारातील कांदा यांची आधी चौकशी करावी. चटणीत लसूण आहे का, हेही विचारावे. गर्दीच्या वेळेआधी जाऊन, शांतपणे आणि नेमके सांगितले तर स्वयंपाकी बहुधा ऐकतो. शहाळे तर कोठेही मिळते.

चौविहार पाळणाऱ्यांना वाटते की समुद्रकिनाऱ्याची संध्याकाळ आपल्या वाट्याची नाही. अनुभव उलटा आहे. इतर प्रवासी सूर्य बुडताच जेवणाच्या जागेसाठी धावतात. ज्यांनी दिवस असतानाच जेवण उरकले आहे, त्यांना पुढे कोठेही जायचे नसते. थंडीच्या दिवसांत सायंकाळी साडेपाचच्या आत ताट उरकले की सूर्यास्तही दोघांचा आणि त्यानंतरचा संधिप्रकाशही दोघांचा. देवगड बेटावरच्या दीपस्तंभाचा प्रकाश दिसू लागेपर्यंत वाळूवर बसावे. सामायिक करायचे असेल तर याहून निवांत जागा शोधून सापडणार नाही.

या किनाऱ्याला रवींद्रनाथ ठाकूर यांचे नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ येथे जिल्हा न्यायाधीश असताना तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले आणि 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी येथेच लिहिले. स्नेहाचे सर्व पाश तोडू पाहणाऱ्या एका संन्याशाला एक अनाथ मुलगी पुन्हा माणसांत आणते, अशी त्याची कथा आहे. कारवारहून परतल्यावर थोड्याच दिवसांत, डिसेंबर १८८३ मध्ये, रवींद्रनाथांचा विवाह झाला.

मिरीची राणी

रविवारचा दिवस कारवारच्या दक्षिणेला द्यावा. भाड्याची मोटार पहाटे निघाली तर कुमठ्याजवळचा मिरजान किल्ला पाहून होन्नावरमार्गे गेरसोप्प्याला जाता येते. येताजाता दिवस भरून जातो. रात्रीची गाडी सुटू नये म्हणून दुपारीच परत फिरावे लागते.

गेरसोप्पा ही सोळाव्या शतकातील जैन राणी चेन्नभैरादेवीची राजधानी. विजयनगरच्या छत्राखाली सुरू झालेली तिची कारकीर्द पन्नास वर्षांहून अधिक चालली. होन्नावर आणि भटकळ या बंदरांतून मिरी परदेशी जाई, अरबी घोडे येत. समुद्रावर दरारा असलेल्या पोर्तुगीजांनी तिला 'मिरीची राणी' असे नाव दिले. मिरजानचा किल्लाही तिच्याच नावाशी जोडला जातो. अखेरीस केळदीच्या नायकांनी तिचे राज्य जिंकले आणि तिचे अखेरचे दिवस कैदेत गेले.

शरावतीच्या काठच्या दाट जंगलात तिच्या नगरीच्या खुणा आजही उभ्या आहेत. चतुर्मुख बसदी त्यांत मुख्य. चार दिशांना चार द्वारे आणि चारही दिशांकडे मुख केलेल्या जिनमूर्ती. जवळच ज्वालामालिनी देवीचे मंदिर आहे. एके काळी या नगरीत परदेशी व्यापारी उतरत; आता पानांची सळसळ आणि पक्ष्यांचे आवाज एवढेच ऐकू येतात. संपत्ती येते आणि जाते, हे प्रवचनात अनेकदा ऐकलेले असते. येथे ते दगडांत दिसते. पतिपत्नींनी या बसदीत शेजारी उभे राहून घेतलेले दर्शन, घरच्या जिनालयात निरनिराळ्या रांगांत उभे राहून घेतलेल्या दर्शनाहून वेगळे वाटले, तर त्यात नवल नाही.

सोमवारची सकाळ

सोमवारी सकाळी गाडी पनवेलला येते. घरी पोहोचून स्नान आणि देवदर्शन आटोपून दुकान नेहमीच्या वेळेला उघडता येते. दोन दिवसांच्या विक्रीची वही भाऊ किंवा मुलगा पुढे करतो. आकडा थोडा कमी असतो, कधी नसतोही. एखादे गिऱ्हाईक नाराज झालेले असते आणि त्याला फोन करावा लागतो. या खर्चाची नोंद वहीत कोठेतरी होतेच.

जमेची बाजू मात्र वहीत दिसत नाही. मुलाला दुकानात घ्यायचे की पुढे शिकू द्यायचे, गोदाम विकायचे की ठेवायचे, आईच्या गुडघ्यांचे ऑपरेशन कोठे करायचे, असे प्रश्न महिनोन्महिने लोंबकळत राहतात. दोघांनी मिळून त्यांवर सलग तासभर बोलायला वेळच मिळालेला नसतो. आगगाडीच्या खिडकीशी आणि समुद्राच्या वाळूवर तो तास मिळतो. काही प्रश्न सुटतात, काही नुसते मांडले जातात. पण निर्णय एकाचा न राहता दोघांचा होतो. घर चालवणाऱ्या माणसाला याची किंमत सांगावी लागत नाही.

आणि परतल्यावर पहिले काम एकच. पुढच्या महिन्याच्या २० तारखेनंतरचा शनिवार धाकट्या भावाच्या नावावर लिहून टाकावा, आणि त्या दोन दिवसांत त्याच्या गल्ल्यावर आपण बसावे.