पंखा बदलताना

अर्नाळा, पाचूबंदर, नायगावकडच्या मोठ्या मासेमारी बोटींचं डिझेल इंजिन आत असतं. ही माहिती मागे टांगलेल्या आउटबोर्ड मशीनच्या छोट्या होड्यांसाठी.

जुन्या पंख्यावर (प्रोपेलरवर) दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ९ x ८. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा, पाण्यात घसरला नाही असं धरून, जितका पुढे जाईल ते अंतर. पिच एक इंच कमी केला की इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण १५० ते २०० ने वाढतात. जाळी, बर्फ, माणसं लादून जाणाऱ्या होडीला कमी पिच बरा. पूर्ण भरलेली होडी पूर्ण थ्रॉटलवर चालवून फेरे मशीनच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत येतात का, ते बघा. रिकाम्या होडीवरची चाचणी फसवते.

वसईच्या खाडीत गाळ आहे, प्लास्टिक आहे, तुटकी जाळी तर आहेतच. त्यामुळे पंख्याचा धातूही बघून घ्या. ॲल्युमिनियमचं पातं खडकावर वाकतं, पण स्वस्त असतं. स्टील टणक, मात्र आपटल्याचा धक्का थेट गिअरला.

जुना पंखा काढण्याआधी मशीन न्यूट्रलला, किल्ली किंवा सुरक्षा दोरी काढलेली. पंखा निघाला की शाफ्टच्या मुळाशी नीट बघा: तिथे गुंडाळलेला नायलॉनचा दोरा सील कापतो, पाणी आत शिरतं आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस लावा. आतला वॉशर विसरू नका. स्प्लिट पिन दरवेळी नवीच घाला, दहा-वीस रुपयांसाठी अख्खा पंखा खाडीला देऊ नका.