पाळीव प्राण्याचें नांव बदलावें काय?

माणसाचें नांव बारशाच्या दिवशीं ठेवितात, तें निदान चार वडीलधाऱ्यांच्या कानांवरून गेलेलें असतें. कुत्र्याच्या पिलाचें नांव मात्र बहुधा घरांतील मुलें ठेवितात, आणि तें उद्यां सबंध आळीस ऐकूं जाणार आहे, हा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं. मोती, राजा, काळू ह्या जुन्या नांवांनीं कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु शेजारच्या मुलीचें, एखाद्या जातीचें किंवा कोणास वंद्य असलेल्या पुरुषाचें नांव कुत्र्यास दिलें, म्हणजे सकाळसंध्याकाळ दारांतून मारलेली हांक कोणाच्या तरी जिव्हारीं लागते. “आमच्या मनांत तसें कांहीं नव्हतें,” हें उत्तर पुष्कळदां खरेंही असतें. पण ऐकणारास हांक ऐकूं येते, मन ऐकूं येत नाहीं.

ह्या बाबतींत इंग्लंडांतील एका कुत्र्याची हकीकत ध्यानांत घेण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धांत लिंकनशायरमधील स्कॅम्प्टन येथें ब्रिटिश विमानदलाचें ६१७ वें पथक होतें. त्याचा नायक गाय गिब्सन ह्याचा एक काळा लॅब्रॅडॉर कुत्रा होता. रंगावरून त्यास जें नांव दिलें होतें, तो शब्द गोरे लोक कृष्णवर्णी माणसांस तुच्छतेनें लावीत. १९४३ च्या मे महिन्यांत हें पथक जर्मनींतील धरणें फोडण्यास निघालें, त्याच्या तोंडावर हा कुत्रा मोटारीखालीं सांपडून मेला. म्योने धरण फुटल्याची बिनतारी खूण म्हणून त्याचेंच नांव ठरलें होतें. १९५५ सालीं ह्या मोहिमेवर बोलपट निघाला. त्याच्या अमेरिकेंतील प्रतींत कुत्र्याचें नांव ‘ट्रिगर’ असें बदललें. पुढें २०२० सालीं विमानदलानें थडग्यावरचा दगडही बदलला. नव्या दगडावर नांव नाहीं. ह्यावर इतिहास पुसला अशी ओरड झाली. ती अगदींच पोकळ म्हणतां येत नाहीं, कारण खुणेचा शब्द कोणता होता हें इतिहासाच्या पुस्तकांत जसेंच्या तसें राहिलें पाहिजे. परंतु थडग्याचा दगड हें पुस्तक नव्हे. तो मान देण्यासाठीं उभारलेला असतो.

आपल्याकडील प्रकार जरा निराळा. २०२४ च्या फेब्रुवारींत त्रिपुरांतून सिलिगुडीच्या प्राणिसंग्रहालयांत एक सिंह व एक सिंहीण आणली. त्यांचीं नांवें अकबर आणि सीता. दोघांस एकत्र ठेविल्यानें धर्मभावना दुखावते अशी तक्रार कलकत्ता उच्च न्यायालयाच्या जलपायगुरी येथील पीठापुढें गेली, न्यायमूर्तींनीं नांवें बदलून वाद टाळावा असें सुचविलें, आणि त्रिपुरांतील वनखात्याचा एक वरिष्ठ अधिकारी निलंबित झाला. सिंहांस ह्यांतील कशाचाही पत्ता नव्हता! येथें दोन्ही नांवांत शिवी एकही नाहीं. म्हणून कोणी रागावला एवढेंच पाहून चालत नाहीं. तो नांवानें दुखावला कीं नांवाच्या निमित्तानें दुसरेंच भांडण उकरतो आहे, हेंही पाहावें लागतें. ज्याचा रोज त्या हांकेशीं संबंध येतो, त्या शेजाऱ्याचें म्हणणें दूरच्या दहा जणांपेक्षां अधिक वजनाचें मानावें.

नांव बदलल्यानें प्राण्याचे हाल होतात, अशी भीति पुष्कळांस वाटते. ती निराधार आहे. कुत्र्यास नांवाचा अर्थ कळत नाहीं. अमुक ध्वनि झाला म्हणजे खाणें मिळतें, माया होते, इतकेंच तो जाणतो. मांजरेंही आपलें नांव इतर शब्दांतून ओळखतात, हें जपानांतील संशोधकांनीं २०१९ सालीं दाखविलें. बोलावल्यावर यावयाचें कीं नाहीं, हा मांजराचा स्वतंत्र प्रश्न. नवें नांव शक्यतों दोन अक्षरांचें व जुन्याच्या उच्चाराजवळचें घ्यावें. दिवसांतून पांचसात वेळां तें एकदांच उच्चारून लागलीच भाकरीचा तुकडा द्यावा. प्रारंभीं कांहीं दिवस नव्यामागोमाग जुनें नांव घ्यावें, मग जुनें गाळावें. नव्या नांवानें रागें भरूं नये आणि अंघोळीसही बोलावूं नये. लस टोचल्याच्या पत्रावर व परवान्यावर बदल करून घ्यावा. म्हाताऱ्या कुत्र्यास वेळ अधिक लागतो, घरांतील आजीबाईंस त्याहूनही अधिक. त्यांच्या तोंडून जुनें नांव निघालेंच तर तें माजघरांत चालूं द्यावें, ओट्यावरून मात्र नव्याच नांवानें हांक मारावी.