आघाताची मुलाखत कोरियनमध्ये घेताना

१६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियात सेवोल ही फेरीबोट बुडाली. ३०४ जणांचा जीव गेला. त्यांतले बहुतेक आन्सानच्या दानवॉन हायस्कूलचे विद्यार्थी होते. बोट कलंडताना सगळा देश टीव्हीवर पाहत होता. अशा घटनेनंतर आघातोत्तर ताण विकार, म्हणजे पीटीएसडी, नेमका कोणाला झाला हे ठरवायला ‘कॅप्स-५’ ही मुलाखत वापरतात. ती मूळची अमेरिकेतली. तिची कोरियन आवृत्तीही झाली आहे. अशा आवृत्तीविषयी बरेच गैरसमज असतात.

गैरसमज : चांगला भाषांतरकार मिळाला की काम झालं.
भाषांतर ही फक्त सुरुवात. मूळ मजकूर न पाहिलेला दुसरा माणूस ते कोरियनमधून परत इंग्रजीत आणतो, तफावती शोधल्या जातात, मग मुलाखत काही रुग्णांवर घेऊन पाहतात. खरी मेख गुणांमध्ये आहे. वीस लक्षणं, प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्रास किती वेळा होतो आणि किती तीव्र असतो, दोन्ही पाहून गुण ठरतो. महिन्यातून किमान दोनदा होणारा आणि स्पष्ट जाणवणारा त्रास असेल तर २. तिथपासूनच लक्षण ‘आहे’ असं धरतात. १ आणि २ मधली ही रेघ कोरियनमध्ये जराशी सरकली, तरी निदान बदलू शकतं.

गैरसमज : ही रुग्णाने भरायची प्रश्नावली आहे.
नाही. प्रशिक्षित मुलाखतकार पाऊणएक तास समोर बसून विचारतो, उदाहरणं मागतो. खुणा करून भरायचा फॉर्म वेगळा असतो.

गैरसमज : बोट बुडताना पाहून हादरलेल्या सगळ्यांना पीटीएसडी झाला.
दुःख खरं, पण निदानाची अट कडक आहे. २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-नियमावलीनुसार केवळ टीव्हीवर पाहिलेली घटना धरत नाहीत. कामाचा भाग म्हणून पाहावी लागली असेल तर गोष्ट वेगळी. याउलट, मुलगा अपघातात गेल्याचं कळलेले आईबाप प्रत्यक्ष तिथे नसले तरी या अटीत बसतात. त्यानंतरही लक्षणं महिन्याहून जास्त टिकायला हवीत. घटना या अटीत बसते का हे पाहणारा मुलाखतीचा पहिला भाग म्हणूनच घाईने उरकायचा नसतो.

गैरसमज : कोरियन आवृत्तीत खास कोरियन लक्षणं घालायला हवीत.
हा मला सगळ्यांत फसवा वाटतो, कारण ऐकायला तो संवेदनशील वाटतो. कोरियात ‘ह्वाब्योंग’ हा दाबून ठेवलेल्या रागाचा आजार ओळखला जातो: छातीत कोंडल्यासारखं होणं, अंगात आग उसळणं. १९९४च्या डीएसएम-४ मध्ये त्याची नोंदही होती. पण तो पीटीएसडी नव्हे. मोजपट्टीत तो मिसळला, तर सोल आणि बोस्टनच्या रुग्णांची तुलनाच करता येणार नाही. वीस लक्षणं तीच ठेवायची. बदलायची ती विचारण्याची पद्धत. ‘छातीत कोंडतं’ असं कोणी म्हणालं, तर ते घटनेच्या आठवणीने होतं का, हे खोदून विचारायला मुलाखतकाराला शिकवायचं. तसंच, ही आवृत्ती पीटीएसडी आणि नैराश्य यांच्यात फरक करते का, हेही रुग्णांवर तपासावं लागतं. निरोगी माणसांशी तुलना पुरत नाही.

एकाच रुग्णाला दोन मुलाखतकारांनी स्वतंत्रपणे दिलेले गुण जुळत नसतील, तर ती आवृत्ती कितीही अस्खलित कोरियनमध्ये असली तरी निदानासाठी वापरू नये.