बाळाची निजायची जागा

बाळंतविड्यात मोहरीची उशी, लोड, दुपटी, कापडी बाहुल्या असतातच. दिसायला गोड, पण वर्षाच्या आतलं बाळ झोपताना यातलं काहीच जवळ नको. नाकातोंडावर मऊ कापड आलं तर एवढ्याशा जिवाला ते बाजूला सारता येत नाही. सपाट, घट्ट गादी, तिच्यावर ताणून खोचलेली चादर आणि बाळ उताणं, बस्स. पाळण्याच्या दोन गजांतलं अंतर साडेसहा सेंटिमीटरहून जास्त नसावं. नाहीतर अंग सरकून डोकं अडकतं. पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं, बाळ हात टेकून उठू लागलं की काढावं. गळ्यातला काळा दोरा निजवताना उतरवा, आजी रागावल्या तरी. रांगू लागल्यावर धास्ती बटणाएवढ्या चपट्या सेलची: घशात अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. असा सेल असलेल्या रिमोटचं झाकण स्क्रूचंच हवं.